आमच्या डेड वॉलचं काम: तीन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

आमची इमारत कसबा पेठेत आहे, तांबट आळीपासून चालत चार मिनिटांवर. 1983 ची, खाली पार्किंग, वर चार मजले, बारा बिऱ्हाडं. मी सात वर्षं सोसायटीची सचिव आहे. आमच्या पश्चिमेच्या उघड्या पडलेल्या भिंतीचा गिलावा, ओल थांबवणं आणि वरचं चित्र, हे सगळं काम आम्ही पुण्यातल्याच एका लहान टीमकडून करून घेतलं. ऑक्टोबर 2022 मध्ये परांची बांधली, जानेवारी 2023 मध्ये उतरवली. काम संपलं त्याच आठवड्यात टीमच्या प्रमुख मुलीने विचारलं होतं, "काकू, दोन ओळी लिहाल का आमच्याबद्दल?" मी म्हटलं, पाऊस पडू दे, मग लिहिते. आता 2023, 2024 आणि 2025 असे तीन पावसाळे त्या भिंतीने काढले, म्हणून लिहायला बसले. पाचपैकी चार गुण देते. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

बांधकामवाले ज्याला डेड वॉल म्हणतात ती ही भिंत. शेजारच्या हद्दीला चिकटून बांधलेली, त्यामुळे तिला खिडकी नाही, गॅलरी नाही. पेठांमध्ये अशा भिंती पुष्कळ आहेत, पण वाड्याला वाडा टेकलेला असतो तोवर त्या कुणाला दिसत नाहीत. शेजारचा वाडा पाडला की भिंत एकदम रस्त्यावर येते. आमचं तेच झालं. जानेवारी 2021 मध्ये शेजारचा दोनमजली वाडा उतरवला. त्याची पुढची बाजू रस्तारुंदीत गेली आणि मागच्या अरुंद तुकड्यात मालकांनी दुचाकींचं पार्किंग सुरू केलं. एका सकाळी चौकातून घरी येताना मान वर केली आणि आपली इमारत मला ओळखू येईना. जवळजवळ चाळीस वर्षांत कुणीच न पाहिलेली बाजू समोर होती. बिनगिलाव्याच्या विटा, सांध्यांतून ओघळून तसाच सुकलेला माल, मधेच एका लाकडी फळीचा तुकडा अडकलेला. बांधताना गवंड्याला बाहेरून हात घालायला जागाच नव्हती, तर गिलावा होणार कुठून! दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर पिंपळाचं रोप हातभर वाढलं होतं.

खालचा अठराएक फुटांचा भाग मात्र वेगळा होता. तिथे वाड्याचीच अठरा इंची जुनी भिंत आमच्या भिंतीला टेकून उभी होती. ती काढली तर आमच्या बाजूला धोका आहे, असं स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून दिलं, म्हणून वाडा उतरवणाऱ्यांनी ती ठेवली. म्हणजे वाड्याचं आतलं अंग उघड्यावर आलं. ओळीने तीन कोनाडे, एक देवळी, चुन्यात नीळ घालून दिलेला फिका निळा हात, खुंट्यांची भोकं, आणि एका कोपऱ्यात चुलीच्या धुराने काळा झालेला उभा पट्टा. वर, वाड्याचं कौलारू छप्पर जिथे आमच्या विटांना भिडत होतं, तिथे दोन्हीकडे उतरत गेलेली डांबराची रेघ. त्या देवळीपुढे माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी बसले होते. तिच्याखाली आता लोक स्कूटर लावत होते. मला ते बघवत नसे.

दुःख बाजूला ठेवलं तरी ओल बाजूला ठेवता येत नाही. पुण्याचा पाऊस आमच्याकडे नैर्ऋत्येकडून येतो आणि वारा असला की पश्चिमेच्या भिंतीवर आडवा आदळतो. उघडी वीट ते पाणी पीत राहते. 2021 च्या ऑगस्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या झोपायच्या खोलीत भिंतीला लोणा फुटला. हात फिरवला की पांढरी पूड तळव्याला लागायची. लोखंडी कपाट हातभर पुढे ओढून ठेवलं, तरी साड्यांना कुबट वास यायचा आणि आईच्या पैठणीच्या घडीवर काळे ठिपके पडले. दुसऱ्या मजल्यावरच्या दीड वर्षाच्या बाळाला तो पावसाळाभर खोकला होता.

त्याच सुमारास एक जाहिरातवाले येऊन गेले. भिंतीवर लोखंडी सांगाडा ठोकून फ्लेक्स लावू द्या, महिना 18,000 रुपये देतो, म्हणाले. बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीला हा आकडा लहान नाही आणि ज्यांनी होकाराच्या बाजूने हात वर केले त्यांना मी दोष देत नाही. पण सांगाडा ठोकायचा म्हणजे ओल्या विटांत वीसेक ठिकाणी भोकं पाडून बोल्ट घुसवायचे, आणि मागची ओल झाकली जाणार, थांबणार नाही. शिवाय 5 ऑक्टोबर 2018 आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. आमच्यापासून लांब नसलेल्या जुन्या बाजाराच्या चौकात भरदुपारी होर्डिंगचा सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला आणि 4 माणसं गेली. आमच्या भिंतीखाली दिवसभर दुचाक्या आणि माणसं असतात. सभेत मी एवढंच सांगितलं. ठराव नऊ विरुद्ध तीन असा पडला.

मग भिंतीचं करायचं काय? नुसता गिलावा आणि पिवळा रंग देऊन मोकळं व्हायचं, असा साधा विचार होता. चित्राचं माझ्या डोक्यात होतं त्याला कारण फ्रान्समधलं लिऑन शहर. 2019 मध्ये मुलीकडे तिथे गेले होते तेव्हा तिने मला क्रूआ-रूसच्या टेकडीवर नेलं. ती रेशीम विणणाऱ्यांची जुनी वस्ती. त्या विणकरांना कानू म्हणतात आणि त्यांचे उंच माग मावावेत म्हणून तिथल्या घरांची छतं चारेक मीटर उंच बांधलेली आहेत. एका वळणावर मला रुंद दगडी जिना दिसला. जिना चढत वर गेलेला, दोन्ही बाजूंना घरं, दुकानं, पायऱ्यांवर माणसं. आपण चढू या का, असं मी मुलीला विचारलं. ती हसली आणि माझा हात धरून पुढे घेऊन गेली. हाताला सपाट भिंत लागली. 'मूर दे कानू' म्हणतात त्या भिंतीला, म्हणजे विणकरांची भिंत. सुमारे 1200 चौरस मीटर. 1987 मध्ये ती पहिल्यांदा रंगवली, 1997 मध्ये आणि पुन्हा 2013 मध्ये चित्र नव्याने केलं. त्या वेळी चित्रातल्या माणसांचं वयही वाढवलं, म्हणजे आधी लहान असलेलं पोर पुढच्या चित्रात मोठं झालेलं. कोरी भिंत त्या वस्तीने स्वतःच्याच आयुष्याने भरली आणि दर काही वर्षांनी ती परत करायची असते हे आधीपासून धरून चालले. तेव्हापासून कुठेही कोरी भिंत दिसली की माझे पाय थांबतात.

आपल्याकडेही भिंती रंगल्या आहेत. कसब्यातल्या जुन्या भिंतींवर हर्षवर्धन कदम आणि त्यांच्या सोबत्यांनी काढलेली चित्रं आम्ही जाता-येता पाहिलेली. वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहियांनी 2014 मध्ये काढलेले दादासाहेब फाळके मी मुद्दाम जाऊन पाहून आले. भव्य आहेत. पण ते लांबून, गाडीतून बघायचं चित्र आहे. आमच्या भिंतीसमोर पार्किंग आणि रस्ता धरून चाळीसेक फुटांची जागा. तिथे उभं राहिलं तर अख्खी भिंत एका नजरेत मावत नाही, मान वर करावी लागते. हा फरक मला तेव्हा नीटसा कळला नव्हता, टीमने तो समजावून दिला.

तीन जणांकडून दरपत्रकं मागवली होती. पहिल्या दोघांनी मोबाइलवर फोटो काढले, भिंतीची मापं घेतली आणि चित्रांचा अल्बम पुढे केला. तिसरी ही टीम. प्रमुख मुलगी आली ती हातोडी आणि बादली घेऊन. खालच्या चुन्याच्या गिलाव्यावर हलकेच ठोकत गेली आणि जिथे पोकळ वाजलं तिथे खडूने गोल करत गेली. मग गच्चीवर जाऊन भिंतीच्या माथ्यावर पाणी ओतलं आणि ते कुठे मुरतं ते बघत अर्धा तास तिथेच बसून राहिली. खाली उतरल्यावर म्हणाली, "काकू, चित्राचं नंतर बोलू. तुमच्या पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, माथ्याला उतार नाही, पाणी वरूनच भिंतीत शिरतंय." तीन दरपत्रकांत हिचं सर्वांत महाग होतं. आम्ही तिलाच काम दिलं आणि हा निर्णय बरोबर होता असं आज मी छातीठोक सांगेन.

कामाचा पहिला महिना भिंतीवर रंगाचा एक थेंबही नव्हता. पिंपळ नुसता कापला तर परत फुटतो, म्हणून मुळं गेली होती तिथल्या विटा काढून नव्या बसवल्या. पॅरापेटच्या माथ्याला आतल्या बाजूला उतार देऊन कोबा केला. विटा तारेच्या ब्रशने घासल्या, धुतल्या. कॉलम-बीम आणि विटांचा जिथे सांधा येतो तिथे चिकन मेश म्हणजे बारीक तारेची जाळी मारली, कारण काँक्रीट आणि वीट उन्हात सारखी हलत नाहीत आणि भेग नेमकी तिथेच जाते. मग दोन थरांचा गिलावा, सात दिवस दोन वेळा पाणी मारणं, आणि मग चार आठवडे नुसतं थांबणं. नव्या सिमेंटवर घाईने रंग दिला तर आतला क्षार रंगाला खातो, हे त्यांनी सभासदांना खाली बोलावून सांगितलं. थांबणं पुरेसं झालं का हे बघायची त्यांची रीत मला फार आवडली आणि कुणालाही घरी करता येईल अशी आहे. हातरुमालाएवढा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला डकवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. आतून दव धरलं असेल तर भिंत अजून ओली आहे. आमच्याकडे असे सहा तुकडे लावले. पाच कोरडे निघाले, एकात थेंब होते. त्या एकासाठी आणखी आठ दिवस थांबले.

खालच्या वाड्याच्या भिंतीला मात्र त्यांनी सिमेंट लावू दिलं नाही. आमच्यातले दोघे त्यावरून चिडले होते, सगळं एकसारखं करा म्हणत होते. पण जुनी वीट चुन्यात बसवलेली. ती ओल धरते आणि सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि लोणा वाढत जातो. म्हणून चुन्याचं काम येणारे दोन गवंडी आणले. भिजवून मुरवलेला चुना, विटांची सुरखी, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. चार दिवस गल्लीत तो आंबट-गोड वास होता. समोरच्या आजी गॅलरीत येऊन म्हणाल्या, आमचं घर बांधत होते तेव्हा असाच वास यायचा. पोकळ झालेला गिलावाच तेवढा काढला. निळा हात, खुंट्यांची भोकं, धुराचा पट्टा, जे पक्कं होतं ते तसंच राहू दिलं. कोनाड्यांच्या तळाला बोटभर उतार दिला, म्हणजे पाणी साचत नाही. देवळीचा तळ तेवढा सपाट ठेवा, असं मी सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

आता चित्र. सभेत सूचना बऱ्याच आल्या. महाराजांचं चित्र असावं असं चौघांचं मत होतं, आणि ते कुणाला नको असेल! पण खाली पार्किंग आहे. महाराजांच्या चित्राखाली कुणी पिंक टाकली, कबुतरं बसली, पावसाचे काळे ओघळ त्यावरून आले, तर आपल्याला सहन होणार नाही, हे तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनीच मांडलं आणि सगळ्यांना पटलं. टीमने आठवडाभर काही सुचवलंच नाही. ती मुलं सकाळ-संध्याकाळ गल्लीत बसायची. चौकातून भिंत कशी दिसते, समोरच्या गॅलऱ्यांतून कशी, पार्किंगमध्ये मान वर केल्यावर कशी, याचे फोटो काढायची. समोरच्या इमारतीतल्या लोकांनाही विचारलं. आमची भिंत आम्हाला घरातून दिसतच नाही, ती रोज बघावी लागते ती समोरच्यांना. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, त्यांनी आणून दिलं.

शेवटी ठरलं ते घंगाळ. तांब्याचं, दोन कड्यांचं, दोन मजले उंच. आमच्या कानांना पहाटेपासून सवय असते ती तांबट आळीतल्या ठोक्यांची. पेशवाईपासून ही मंडळी तांबं ठोकत आली आहेत. भांडं घडवून झालं की ते मठारतात, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने शेजारी शेजारी ठोके मारत जातात. त्याने पत्रा घट्ट होतो आणि अंगावर चमकत्या खळ्यांची नक्षी उठते. चित्रात ती प्रत्येक खळी दाखवायची होती.

चित्र उतरवायची पद्धत बघून आधी मी घाबरलेच होते. पांढऱ्या प्राइमरवर त्यांनी अक्षरं, बाण, गोल, वाटेल ते गिरगटून ठेवलं. गल्लीतल्या पोरांना खालून शब्द ओरडायला सांगितले आणि ते वर लिहिले. कुणी स्वतःचं नाव सांगितलं, कुणी कुत्र्याचं, एका मुलीने 'पाढे'. नंतर कळलं की या गिरगोट्यांचा फोटो काढून मोबाइलमध्ये त्यावर चित्र ठेवतात, आणि घंगाळाचा काठ 'पाढे'मधल्या ढे वरून जातो, असं बघत बघत हात चालवतात. पन्नास फुटांच्या भिंतीवर दोरी धरून चौकटी आखत बसावं लागत नाही. सगळ्या पोरांची नावं आज रंगाखाली आहेत आणि कुणाचं नाव कुठे आहे हे पोरांना बरोबर माहीत आहे.

खळ्यांचे तीन फेर रंगवून झाले तेव्हा आळीतले एक तांबटकाका, ऐंशीच्या घरातले, खाली उभे राहून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी वर हाक मारली, "अहो ताई, असा ठोका पडत नाही." ती मुलगी परांचीवरून खाली आली. त्यांनी हवेत मनगट हलवून दाखवलं. ठोके विस्कटलेले नसतात, तळातून सुरू करून फेर धरत वर यायचं, आणि वरच्या फेरातला ठोका खालच्या दोन ठोक्यांच्या मधे बसला पाहिजे. तिने त्यांच्यासमोर कागदावर काढून पाहिलं, त्यांनी एकदा दुरुस्त केलं, दुसऱ्यांदा मान डोलावली. आणि दोन दिवसांचं काम त्या पोरांनी पुसून पुन्हा केलं. एक खळी म्हणजे ब्रशचे दोन फटके, खाली गडद गेरूचा, वर उजळ. अशा किती मारल्या असतील देव जाणे. गवंडीकामात आणि चित्रकामात मी त्यांना चार गुण देते, पण त्या दोन दिवसांसाठी मनापासून हात जोडते.

वाड्याच्या छपराची ती डांबराची तिरकी रेघ त्यांनी ठेवली. खाली वाड्याची निळी भिंत कोनाड्यांसकट, रेघेच्या वर फिका चुनखडी रंग आणि त्यात घंगाळ. साडेपाचला खरं ऊन भिंतीवर येतं तेव्हा घंगाळाची एक बाजू उजळते. समोरच्या आजी त्या वेळी खुर्ची गॅलरीत आणून बसतात.

आता ज्यामुळे गुण कापला ते. सहा आठवडे सांगितले होते, काम तेरा आठवड्यांपेक्षा जास्त चाललं. काही भाग त्यांच्या हातात नव्हता. 2022 चा ऑक्टोबर पुण्याला झोडपून गेला, पाठोपाठ दिवाळी आली आणि गवंडी गावाला गेले. पण डिसेंबरमध्ये दहा दिवस टीम दुसऱ्या कामावर होती आणि ते आम्हाला कुणी कळवलं नाही. परांची तशीच उभी. त्या दिवसांत दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने बांबूंवरून चोर चढेल या भीतीने खिडक्या लावून घेतल्या होत्या. हे मला पटलं नाही आणि मी त्यांना स्पष्ट बोलले.

पार्किंगमधल्या चार दुचाक्यांवर रंगाचे शिंतोडे उडाले. जाळी बांधली होती, पण पार्किंगच्या बाजूला खालून दीड मीटर मोकळी सोडली होती. चारही जणांच्या गाड्या त्यांनी पॉलिश करून दिल्या.

सर्वांत गंभीर चूक परांचीच्या भोकांची. बांबूचे आडवे तुकडे भिंतीत घुसवतात त्यांची भोकं परांची उतरवताना एकेक करून बुजवायची असतात. वरच्या दोन ओळींतली पाच भोकं वरवर बुजवली होती. जून 2023 च्या दुसऱ्या जोराच्या सरीला चौथ्या मजल्यावर नेमक्या पाच ठिकाणी ओलीचे डाग उठले. सगळं शास्त्रशुद्ध करून शेवटच्या दिवशी अशी घाई करायची, याचं मला फार वाईट वाटलं. फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी दोरीच्या झुल्यावरून माणूस उतरवून त्यांनी भोकं खोलपर्यंत भरून दिली, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर तिथे डाग नाही. पण तुम्ही असं काम करून घेणार असाल तर परांची उतरत असताना स्वतः उभं राहा आणि भोकं मोजा. करारात तसं लिहून घ्या.

भिंतीवरून चार इंची पीव्हीसीचा पाइप खाली येतो. चित्रात खंड नको म्हणून त्यांनी त्यावरही घंगाळ रंगवलं. पीव्हीसीला वेगळा प्राइमर लागतो, तो दिला नव्हता. वर्षभरात पाइपवरचा रंग सालीसारखा निघाला. तो पट्टा अजूनही लांबून दिसतो.

रंगांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. गेरू, पिवळी माती, काळा हे रंग लोह आणि कार्बनच्या जातीचे. पश्चिमेच्या उन्हात तीन उन्हाळे काढूनही आमचा गेरू होता तसा आहे. खळ्यांवरच्या चमकेसाठी त्यांनी जो झगझगीत नारिंगी वापरला होता, तो मात्र दुसऱ्याच उन्हाळ्यात फिका पडला. 2025 च्या मार्चमध्ये तो पिवळ्या मातीत पांढरा मिसळून पुन्हा मारून घेतला, त्याचे 9,000 रुपये आम्ही दिले. हे आधीच सुचायला हवं होतं, कारण भिंत पश्चिमेची आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुसरं, गडद घंगाळाच्या मागच्या खोलीची भिंत एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सातलाही हाताला गरम लागते, फिक्या भागामागची तेवढी लागत नाही. माझी खोली घंगाळामागेच आहे, म्हणून खात्रीने सांगते. पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीवर गडद रंग कमी जागेत ठेवायला सांगा.

खर्चाचं सगळे विचारतात. भिंत 30 फूट रुंद, 50 फूट उंच. वरचा 960 चौरस फूट गिलावा, मेश आणि वॉटरप्रूफिंगसकट, 110 रुपये दराने 1,05,600. परांची 38,000. वाड्याच्या भिंतीचं चुन्याचं काम 64,000. चित्र 140 रुपये दराने 1,34,400. एकूण 3,42,000. बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती आणि त्यातून येणारी पावसाची गळती ही आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीची जबाबदारी, म्हणून पहिले तीन खर्च दुरुस्ती निधीतून केले. चित्र ही दुरुस्ती नाही. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा वेगळा ठराव केला आणि प्रत्येक बिऱ्हाडाने 11,200 रुपये काढले. जाहिरातीच्या बाजूने ज्या तिघांनी मत दिलं होतं त्यांनीही दिले, एकाने तर सगळ्यांच्या आधी. पार्किंगवाल्या मालकांकडून परांची उभी करायला आणि सामाईक भिंतीला हात लावायला लेखी संमती घेतली होती. ती नसती तर काम अर्ध्यात अडलं असतं.

पाच वर्षांनी, म्हणजे 2028 च्या सुरुवातीला, भिंत धुऊन रंगाचा एक हात द्यायचा हे आम्ही इतिवृत्तात आत्ताच लिहून ठेवलं आहे आणि त्यासाठी दरमहा बिऱ्हाडामागे 100 रुपये वेगळे ठेवतो. तेव्हा पाइपचंही करून घेऊ. त्याच टीमला बोलावणार का? हो. भोकं मी स्वतः मोजेन.

गल्लीतली पोरं दिवाळीत देवळीत पणती ठेवतात. गेल्या वर्षी तांबटकाकांच्या घरून एक छोटं तांब्याचं निरांजन आलं. ते चोरीला जाईल म्हणून रात्री मी वर घेऊन येते आणि संध्याकाळी परत खाली ठेवते.

यंदा ऑगस्टमध्ये सलग चार दिवस आडवा पाऊस होता. पाचव्या दिवशी खोलीतल्या भिंतीवर हात फिरवला. कोरडी. मुलाला हाक मारली आणि दोघांनी मिळून कपाट परत भिंतीला लावलं.